मुरबाडच्या माळ्यावर सापडलेली काडतुसे भरायची पेटी

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मी कशाला उत्तर देतोय ते स्पष्ट राहील. मुरबाडकडचे जुने घर उतरवताना माळ्यावर एक सागवानी पेटी निघाली आणि ती तुम्ही ठाणे शहरातल्या नौपाड्यात घरी आणलीत. आत टेबलाच्या कडेला आवळायचे, हँडल फिरवायचे एक छोटे यंत्र आहे. लाकडी मुठीचा पितळी पेला आहे आणि त्यावर आकडे कोरलेले आहेत. एक गुळगुळीत लाकडी दांडा, अडकित्त्यासारखे एक हत्यार, आकडी असलेली एक पितळी कडी. शिवाय दोन फुगलेली कागदी काडतुसे आणि गंजलेली एक गोल डबी, हलवली की आत काहीतरी वाजणारी. आजोबांची बंदूक त्यांच्या पश्चात जमा झाली. पण गावच्या काकांकडे शेती संरक्षणाच्या परवान्यावरची बाराबोर बंदूक आहे, आणि ते म्हणतात की ही अवजारे साफ करून द्या, रिकाम्या पुंगळ्या, म्हणजे उडालेल्या काडतुसांची कवचे, घरीच भरू. ही नेमकी काय आहेत, काकांना देता येतील का आणि साफ कशी करायची, हे तुम्ही विचारलेत.

बाकी सगळे नंतर. आधी ती डबी.

ती पुन्हा हलवू नका, उघडू नका, झाकणाला तेल लावून बघू नका. अशा पेट्यांत गोल पत्र्याच्या डबीत जवळजवळ नेहमी टोप्या असतात. गावाकडे ज्याला केप म्हणतात, त्या. घोडा आपटला की ठिणगी देणारा तोच भाग. जुन्या टोप्यांत पाऱ्याचे फल्मिनेट हे स्फोटक असायचे, आणि ते धक्का, घासणे आणि उष्णता तिन्हीला हळवे असते. साठ-सत्तर पावसाळे खाल्लेल्या टोप्यांतल्या काही मेलेल्या असतात, काही नसतात, आणि बाहेरून बघून कोणती कुठली ते कुणालाही सांगता येत नाही. गंजलेले झाकण पकडीने फिरवणे म्हणजे नेमके घासणे. दोन काडतुसांचेही तसेच. कागद फुगला म्हणजे आतली दारू भिजून निकामी झाली असे धरू नका.

डबी आणि काडतुसे आहेत तिथेच राहू द्या. गॅस, देवघरातली निरांजन, इस्त्री यांपासून लांब, मुलांचा हात पोचणार नाही अशी जागा असली म्हणजे झाले. मग ११२ ला किंवा तुमच्या पोलीस ठाण्यात फोन करून जे आहे ते सांगा: जुन्या घरात आजोबांची पेटी सापडली, आत जुनी काडतुसे आणि टोप्या असाव्यात, कुणाला तरी पाठवा. स्वतः पिशवीत घालून पोलीस ठाण्यात जाऊ नका. लोकलने किंवा स्कूटरच्या डिकीतून तर मुळीच नाही. मुरबाडहून ठाणे शहरापर्यंत ती आलीच आहे, आता तिचा आणखी प्रवास नको. भंगारवाल्याला देणे, तलावात टाकणे, कुंडीत पुरणे, शेकोटीत टाकून «उडवून मोकळे होणे» हे सगळे मी गेल्या तीस वर्षांत लोकांच्या तोंडून ऐकले आहे आणि प्रत्येक वेळी अंगावर काटा आला आहे.

पोलिसांना कळवायला लोक घाबरतात, हे मला ठाऊक आहे. शस्त्र कायदा १९५९ मधल्या कलम ४५ मध्ये दारूगोळ्याच्या किरकोळ भागांसाठी सूट आहे, पण ते भाग इतर पूरक भागांसोबत वापरायचा हेतू नसेल तरच. न्यायालयेही माणसाच्या जाणीवपूर्वक ताब्याचा विचार करतात. पण या सगळ्याचा आधार तुम्ही लगेच आणि स्वतःहून कळवण्यात आहे. पेटी कधी, कुठे, कुणासमोर सापडली याची तारखेसह नोंद लिहा आणि फोटो काढून ठेवा, तेही वस्तू न हलवता. फोन करताना ओळखीचा वकील असेल तर त्याच्याशी बोलून घ्या.

आता मी हे कोणत्या अधिकाराने बोलतोय ते. वागळे इस्टेटमधल्या टूलरूममध्ये मी फिटर म्हणून लागलो आणि टूलरूममधूनच निवृत्त झालो. जुनी मोजमापाची साधने आणि हातअवजारे दुरुस्त करणे, जतन करणे हा नोकरी चालू असल्यापासूनचा नाद. चोरबाजारातून, कोकणातल्या आणि शहापूर-मुरबाडकडच्या जुन्या घरांतून अशा काडतुसांच्या पेट्या माझ्याकडे ओळखीसाठी येत गेल्या. माझ्या सासऱ्यांकडेही परवान्याची एकनळी होती, त्यामुळे ही अवजारे कशी चालतात हे मी लहान वयात नाही, पण डोळसपणे पाहिले आहे.

या पेटीकडे बघायची माझी एक पद्धत आहे. प्रत्येक अवजार कुठली चूक होऊ नये म्हणून बनवले आहे, ते शोधायचे. काडतूस भरणे हे मूळचे चार-पाच कृतींचे काम. त्यातली प्रत्येक कृती कुणाचे तरी बोट, डोळा किंवा नळी घेऊन गेली, आणि मग कुणीतरी त्या चुकीच्या आड एक पितळेचा तुकडा उभा केला. हे धरून बघितले की अवजाराचा आकार आपोआप उलगडतो.

अडकित्त्यासारखे हत्यार घ्या. त्याचे काम वापरलेल्या पुंगळीच्या बुडातली जळकी टोपी काढणे आणि नवी बसवणे. ते अडकित्त्यासारखेच का? कारण टोपी ठोकून बसवायची नाही, दाबून बसवायची. हातोडीचा फटका आणि घोड्याचा फटका टोपीला वेगळे वाटत नाहीत. दोन दांड्यांची लांबी तुमच्या मुठीचा जोर वाढवते आणि तो जोर हळूहळू पोचवते. पुंगळी बसते ती खाच नीट बघा. पुंगळीची कडा तिथे सगळ्या बाजूंनी टेकते, म्हणून जोर सरळ रेषेत जातो आणि टोपी तिरपी जात नाही. सुपारी कातरताना अडकित्ता सुपारीला आधी धरतो आणि मग दाबतो, तीच युक्ती.

लाकडी दांडा हा ठासायचा गज. तो लाकडाचाच असण्याचे कारण ठिणगी. लोखंडावर लोखंड घासले की ठिणगी उडू शकते, आणि काळी दारू त्यासाठीच बनलेली असते. म्हणून गज लाकडाचा, नरसाळे पितळेचे किंवा लाकडाचे. पुंगळीत सगळ्यात खाली दारू, तिच्यावर पुठ्ठ्याची चकती, मग नमद्याची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची, जाड चकती म्हणजे वॅड, त्यावर छर्रे आणि सगळ्यात वर पातळ चकती. नमद्याच्या वॅडचे काम दारूचा वायू छर्ऱ्यांतून निसटू न देणे. तुमच्या गजावर कुठे आडवी रेघ किंवा खाच आहे का, उजेडात तिरपा धरून बघा. माझ्याकडे आलेल्या एका गजावर मालकाने चाकूने रेघ ओढली होती. दारू आणि वॅड बसल्यावर रेघ पुंगळीच्या काठाशी यायला हवी. रेघ वर राहिली तर कुणीतरी दारू दोनदा घातली आहे. इतकी साधी रेघ, पण ती ओढणारा माणूस किती सावध असेल!

आकडीची पितळी कडी सगळ्यात सोपी आणि आपल्या हवेची सगळ्यात जास्त साक्ष देणारी. ती काडतूस उपसायची. जुन्या काडतुसांचे अंग जाड कागदाच्या नळीचे आणि बूड पितळेचे असायचे. मुरबाडच्या पावसात कागद फुगला की काडतूस नळीत अडकून बसायचे. मग नखाने किंवा चाकूने उचकटताना टोपीला धक्का लागायची भीती. या कडीची आकडी काडतुसाच्या कडेत बसते आणि काडतूस सरळ मागे येते. बहुतेक कड्यांवर आकडा असतो. १२ असेल तर बाराबोर. हे बोरचे गणित अनेकांना माहीत नसते म्हणून सांगतो: एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या, तर त्यातली एक गोळी जेवढ्या नळीत बसेल ती बाराबोर, म्हणजे साधारण साडेअठरा मिलिमीटर. म्हणून सोळाबोर बाराबोरपेक्षा लहान.

कागद फुगायच्या या त्रासामुळे उष्ण मुलखात पूर्ण पितळी पुंगळ्यांना मागणी होती. बर्मिंगहॅमच्या काइनॉक कंपनीच्या पातळ पितळी पुंगळ्या त्यासाठी प्रसिद्ध होत्या. पेटीत वॅड कापायचा गोल पंच निघाला आणि तो बाराबोरपेक्षा थोडा मोठा वाटला, तर चुकून दुसऱ्याचा आलाय असे समजू नका. पातळ पितळेची नळी आतून रुंद असते, तिला मोठ्या चकत्या लागतात.

टेबलाला आवळायचे यंत्र म्हणजे काडतुसाचे तोंड मुडपायचे. कागदी नळीचा वरचा काठ आत वळवून छर्ऱ्यांवरची चकती पक्की करायची. पुंगळी खाचेत ठेवायची, एका हाताने तरफ दाबत जायची, दुसऱ्या हाताने हँडल फिरवायचे. आतल्या टोकाला एक-दोन खिळ्यांसारखे उंचवटे किंवा चर असतात, तेच कागद गुंडाळतात. करंजीची मुरड जशी बोटांनी एका लयीत घालतात, तसा हा काठ फिरत्या गरम घर्षणाने आत वळतो. सैल मुडपले तर चालताना छर्रे पिशवीत सांडतात. शिवाय काळ्या दारूनंतर आलेल्या बिनधुराच्या दारूला नीट पेटायला थोडा अडथळा लागतो, तो या मुडपीतून मिळतो. फार घट्ट मुडपले तर दाब वाढतो. हे यंत्र हाताने फिरवायचेच का ठेवले, तर हाताला कागदाचा ताण कळतो म्हणून. पुढे विसाव्या शतकात आठ किंवा सहा पाकळ्यांची घडी घालून तोंड बंद करायची पद्धत आली, वरची चकती गेली, आणि ही सुंदर यंत्रे माळ्यांवर गेली.

यंत्राच्या पायाशी, स्क्रूच्या वरच्या बाजूला, बनवणाऱ्याचा छाप असतो. शेफील्डचे जेम्स डिक्सन अँड सन्स आणि जी. अँड जे. डब्ल्यू. हॉक्सली ही दोन नावे माझ्या हातून सर्वांत जास्त गेली. अशा वस्तू आपल्याकडे मुंबईतून यायच्या. काळा घोड्याजवळ जी आर्मी अँड नेव्ही इमारत आहे, त्या विलायती दुकानाची मुंबई शाखा १८९१ मध्ये उघडली, आणि असली दुकाने बंदुका, काडतुसे, शिकारीचे सगळे सामान विकत. तुमच्या आजोबांनी ती स्वतः घेतली की कुणा साहेबाकडून किंवा जमीनदाराकडून आली, ते पेटीतल्या कागदाच्या कपट्यांवरून कळू शकते. पेटीच्या तळाशी जुने वर्तमानपत्र, पावती, पुठ्ठ्याच्या डबीचा तुकडा काहीही असेल तर ते फेकू नका. लोक पितळ जपतात आणि कागद टाकतात. वस्तूची कहाणी त्या कागदात असते.

आता त्या पितळी पेल्याकडे येतो. काकांच्या प्रश्नाचे खरे उत्तर त्यात आहे.

पेला म्हणजे दारू आणि छर्रे मोजायचे माप. दारूसाठी कोरलेले आकडे ड्रॅमचे: अडीच, पावणेतीन, तीन, सव्वातीन असे चढत जाणारे. ड्रॅम म्हणजे औंसाचा सोळावा हिस्सा, पावणेदोन ग्रॅमच्या आसपास. छर्ऱ्यांचे आकडे औंसाचे: एक, सवा, दीड असे. आतली नळी सरकवून खोली कमी-जास्त करता येते. आकडे वजनाचे आहेत, पण माप मात्र मापट्याचे आहे, आकारमानाचे. तुमच्या घरात जुने मापटे किंवा चिपटे असेल तर मनातल्या मनात प्रयोग करा. एक मापटे पोहे आणि एक मापटे तांदूळ, वजन सारखे भरेल का? माप शीग लावून भरले की काठाशी सपाट केले, यानेही फरक पडतो. पेल्यावरचा «तीन» हा आकडा काळ्या दारूच्या तीन ड्रॅमसाठी कोरलेला आहे. दुसरे काही त्यात घातले तर तो आकडा खोटा.

काळी दारू म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक. तिला जागा खूप लागते आणि ताकद त्या मानाने कमी. त्यामुळे पुंगळी जवळजवळ भरून जाते. दोनदा घातली तर लगेच दिसते, वॅड बसतच नाही. ही तिची मूळची सुरक्षितता. १८६० च्या दशकात प्रशियाच्या शुल्त्झ नावाच्या अधिकाऱ्याची लाकडापासून केलेली नायट्रो दारू बाजारात आली. सुरुवातीच्या या बिनधुराच्या दारूंपैकी बऱ्याच मुद्दाम फुसफुशीत ठेवलेल्या होत्या, म्हणजे लोकांच्या हातातली जुनी मापे तशीच चालावीत. पण १८८७ मध्ये नोबेलची बॅलिस्टाइट आली, आणि तिच्यासारख्या घट्ट दाण्याच्या दारू पसरल्या. यांची ताकद थोड्याच जागेत मावते. पुंगळी अर्धीही भरत नाही. माप तेच, हात तोच, सवय तीच, आणि पेल्यात पडले ते मात्र पोह्यांऐवजी तांदूळ. जुन्या मापाने नव्या घट्ट दारू भरून नळ्या फुटल्या त्या अशा. आजही परदेशी काडतुसांच्या खोक्यांवर «ड्रॅम इक्विव्हॅलंट» असे छापलेले दिसते. अर्थ एवढाच की हे काडतूस काळ्या दारूच्या अमुक ड्रॅमइतका वेग देते, आत तितके ड्रॅम आहेत असे नव्हे. हा शब्द वाचून कुणी पेल्याने मोजायला गेला, तर तो त्याचा शेवटचा हिशोब असू शकतो.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. सासऱ्यांच्या गावात एका गृहस्थांनी असेच केले होते. मापटे वडिलांचे, दारू कुठूनतरी मिळवलेली. दुनळीची उजवी नळी घोड्याच्या पुढे चार बोटांवर उलगडली, आणि त्यांच्या डाव्या हाताची दोन बोटे गेली. ती नळी मी नंतर हातात धरून पाहिली. पोलाद फाटताना कसे पातळ होत जाते ते टूलरूमच्या माणसाला चांगले कळते, आणि त्या दिवसापासून असा पेला कुणाच्याही हातात वापरासाठी द्यायचा नाही असे मी ठरवले.

काकांच्या बाजूने आणखी एक गोष्ट मांडली जाईल: परदेशात लोक घरी काडतुसे भरतात, व्हिडिओ आहेत. खरे आहे. अमेरिकेत रिचर्ड ली नावाच्या माणसाने १९५८ मध्ये आपल्या घरच्या कारखान्यात शॉटगनची काडतुसे भरायचा एक छोटा संच तयार केला. तो खिशात मावेल इतका आणि स्वस्त होता. त्यातूनच पुढे ली प्रिसिजन ही कंपनी उभी राहिली. त्या आधी १८८४ पासून आयडियल या नावाची चिमट्यासारखी हातअवजारे अमेरिकेत होती आणि १९२५ मध्ये तो व्यवसाय लायमन कंपनीने घेतला. पण तिथे प्रत्येक दारूसाठी, प्रत्येक पुंगळीसाठी, प्रत्येक टोपीसाठी आणि वॅडसाठी तपासलेले तक्ते छापलेले असतात, दारू वजनकाट्यावर तोलतात, आणि यातला एक घटक बदलला तरी तक्ता बदलतो. आणि मुख्य म्हणजे तिथला कायदा त्याला परवानगी देतो.

आपला देत नाही. शस्त्र कायद्याचे कलम ५ परवान्याशिवाय शस्त्र किंवा दारूगोळा बनवायला मनाई करते. काकांचा परवाना बंदूक बाळगण्याचा आणि ठरलेली काडतुसे विकत घेण्याचा आहे, काडतुसे बनवण्याचा नाही. शिवाय याच कायद्याच्या कलम २ मधली दारूगोळ्याची व्याख्या बघा: त्यात दारूगोळ्याचे भाग आणि तो बनवायची यंत्रसामग्रीही येते. म्हणजे आवळायचे ते यंत्र शोभेच्या कपाटात असताना एक वस्तू आहे आणि काकांच्या ओटीवर पुंगळ्यांशेजारी असताना दुसरीच. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा निर्मितीची शिक्षा किमान सात वर्षे, ती जन्मठेपेपर्यंत जाऊ शकते. शेत राखणाऱ्या, उभ्या आयुष्यात कुणाचे वाईट न केलेल्या माणसाने चार काडतुसांसाठी हे ओढवून घेऊ नये.

काकांची अडचण मला खोटी वाटत नाही. रानडुकरे एका रात्रीत नाचणीचा वाफा उलटवतात, आणि काडतुसांसाठी खेपा घालणे वयस्कर माणसाला जड जाते. पण त्यावरचा मार्ग त्यांच्या परवान्यावर आहे. परवान्यात वर्षाला किती काडतुसे घेता येतील ते लिहिलेले असते, ती मर्यादा अपुरी असेल तर परवाना देणाऱ्या कार्यालयाकडे अर्ज करता येतो. मुरबाडसाठी ते जिल्हाधिकारी कार्यालय, ठाणे शहरासाठी पोलीस आयुक्तालय. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात बनलेली बाराबोर काडतुसे परवानाधारक दुकानात मिळतात. आणि काकांना एक गोष्ट जरूर विचारा: बंदूक जुनी विलायती असेल तर तिचे चेंबर, म्हणजे नळीतली काडतूस बसायची जागा, अडीच इंची की पावणेतीन इंची? जुन्या बंदुकांची चेंबर बहुधा अडीच इंची, म्हणजे साधारण ६५ मिलिमीटर असतात. ७० मिलिमीटरचे, म्हणजे पावणेतीन इंची काडतूस त्यात आरामात शिरते, कारण लांबी मोजतात ती तोंड उलगडल्यावरची. पण उडाल्यावर उलगडायला पुढे जागा नसते आणि दाब वाढतो. चांगल्या बंदूकवाल्याकडून हे एकदा मोजून घेतले तर काकांसाठी या सगळ्या पेटीपेक्षा ते जास्त मोलाचे.

आता साफसफाई, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण बहुतेक वस्तू मोडल्याने नाहीत तर साफ केल्याने जातात.

पहिला नियम: चमकवू नका. सुरुवातीच्या काळात माझ्या हाती शेफील्डचा एक सुरेख पेला आला होता. मी तो चिंच, मीठ आणि पितळेच्या पावडरीने असा घासला की ताटासारखा लखलखला. नंतर आकडे वाचायला भिंग घेतले तर सव्वातीनच्या रेघेची धार गेलेली, आणि बनवणाऱ्याच्या नावातली दोन अक्षरे नाहीशी. शंभर वर्षे टिकलेले नाव मी एका दुपारी पुसले. ते अजून सलते.

चिंच-लिंबाचे आम्ल पितळेतले जस्त आधी खाते, आणि मागे तांबूस, सच्छिद्र कातडी उरते. आणि ज्या पॉलिशला अमोनियाचा उग्र वास येतो, ते तर या पेटीच्या जवळही नको. यामागे एक गोष्ट आहे, आणि ती आपल्याच मुलखातली आहे. एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानातल्या इंग्रजी फौजेची पितळी काडतुसे पावसाळ्यात तबेल्यांजवळ साठवलेली असत. पावसाळा संपता संपता पुंगळ्यांना आपोआप उभ्या चिरा पडलेल्या दिसायच्या. कुणी हात लावलेला नाही, कुणी आपटलेले नाही. कारण शोधायला अनेक वर्षे गेली. घोड्यांच्या मुतातून निघणारा अमोनिया, दमट हवा, आणि पुंगळी ओढून बनवताना पितळेत साठून राहिलेला ताण, हे तिन्ही एकत्र आले की पितळ दाण्यादाण्यांच्या सांध्यांतून तडकते. १९२१ मध्ये यावर सविस्तर अभ्यास छापला गेला, आणि पितळ हलके तापवून ताण काढणे हा उपाय पक्का झाला. इंग्रजीत या तडकण्याला ऋतूचे नाव पडले, तो ऋतू म्हणजे आपला पावसाळा. टूलरूममध्ये हे मला कळले तेव्हा आईच्या घरातले पितळी डबे गोठ्याच्या भिंतीशी का ठेवत नसत याचा विचार मी कितीतरी दिवस करत होतो.

मग करायचे काय? टोप्या आणि काडतुसे पोलीस घेऊन गेल्यावरच सुरुवात करा. आधी हातमोजे आणि मास्क. छर्रे असतील तर त्यांवरची पांढरी भुकटी शिशाची असते. बंद लाकडी पेटीतल्या आम्लाच्या वाफांनी शिसे तसे पांढरे पडते, आणि ती भुकटी पोटात किंवा छातीत जाणे वाईट. झाडू किंवा फुंकर नको, ओल्या कपड्याने टिपा आणि ते कपडे वेगळे टाका. हे काम स्वयंपाकघराच्या ओट्यावर करू नका.

अवजारांच्या खाचांत काळा भुगा असेल तर तो दारू समजूनच वागा. कोरडा खरवडू नका, ओला करून बांबूच्या काडीने काढा. पितळेवर हिरवा कळक धरलेला असतो, तोही काडीनेच. भांड्याला कळक लागला की कल्हई करतो ते खायच्या भांड्याचे शास्त्र, इथे कळकाचे टोक तेवढे काढायचे आणि खालचा तपकिरी थर ठेवायचा. तो थर म्हणजे वस्तूचे वय. मऊ ब्रश, शुद्ध पाणी, साध्या साबणाचे दोन थेंब, आणि लगेच कोरड्या सुती कापडाने टिपून दिव्याखाली नव्हे, पंख्याखाली वाळवायचे. लोखंडी स्क्रूवर हलके मशीन तेल. लाकडी गजाला वॉर्निश लावू नका, मेणाचा पातळ हात पुरे. मुडपायच्या यंत्राचा दांडा जाम असेल तर जोर लावू नका. तेलाचा एक थेंब, दोन दिवस थांबा, पुन्हा एक थेंब. जाम झालेल्या जुन्या वस्तूला वेळ द्यावा लागतो.

ठेवायची जागा खाडीच्या बाजूच्या खिडकीपाशी नको. ठाण्याच्या जुलैत खारी, दमट हवा काय करते ते तुमच्या ग्रिलकडे बघून कळेल. बंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या, पावसाळ्यात महिन्याला एकदा बदललेल्या. डांबरगोळ्या नकोत.

कपाटात मांडायचे असेल तर पोलिसांना दिलेल्या अर्जाची प्रत त्याच कपाटात ठेवा, आणि अर्जात अवजारांची यादी द्या, म्हणजे पुढच्या पिढीला प्रश्न पडणार नाही. वस्तू शंभर वर्षांहून जुन्या ठरल्या तर १९७२ चा पुरावस्तू कायदाही लक्षात घ्यावा लागतो, त्यात अशा वस्तू देशाबाहेर नेण्यावर बंदी आहे. परदेशातला मुलगा आठवण म्हणून नेतो म्हणाला तरी देऊ नका. विमानतळावर पितळी पुंगळी सापडली तर प्रवास तिथेच थांबतो.

पेटी उघडून फोटो काढायला पोलिसांनी हरकत घेतली नाही, तर मुडपायच्या यंत्राचा पाया, पेल्याचा कोरलेला भाग आणि पेटीच्या झाकणाची आतली बाजू, तिन्ही शेजारी पट्टी ठेवून दिवसाच्या उजेडात टिपा आणि पाठवा. झाकणाच्या आत दुकानाचे लेबल चिकटलेले असते. अर्धे फाटलेले असले तरी मी वाचायचा प्रयत्न करेन. पण ते पुढचे. डबीचा फोन आजच करा.